सोयाबीनवरची शंखी गोगलगाय: एवढ्या मारूनही दरवर्षी परत का येते?

सोयाबीन उगवलं, तासं दिसायला लागली म्हणून समाधानानं घरी यावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर बांधालगतच्या चार-सहा ओळी पुसून टाकल्यासारख्या. तिसऱ्या दिवशी आणखी चार ओळी. लातूर, बीड, धाराशिवकडच्या ज्यांनी २०२२ चा जुलै शेतात काढला, त्यांना हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. त्या महिन्यात पाऊस लागून राहिला होता आणि शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन एकरच्या एकर फस्त केलं. माझ्या ओढ्याकाठच्या चार एकरांतलं अडीच एकर मोडून दुबार पेरावं लागलं. बियाण्याच्या पिशव्या, खत, पेरणीची मजुरी, सगळं दोनदा. वर पेरणी उशिरा झाल्यानं उताराही घटला.

तेव्हापासून मृग जवळ आला की गावातून, पाहुण्यांकडून एकच विचारणा असते: "अण्णा, गेल्या साली बादल्याच्या बादल्या मारल्या, मग यंदा या परत कुठून आल्या?" माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्या कुठूनही आलेल्या नसतात. आपल्याच बांधात, आपल्याच दगडांच्या ढिगाखाली आठ महिने दार लावून बसलेल्या असतात. आपण त्यांना जुलैत मारतो. पण त्यांचं बिऱ्हाड तिथं जूनमध्येच वाढलेलं असतं, आणि मे महिन्यात ते हाताला सहज लागण्यासारखं असतं. हे कळायला मला तीन हंगाम गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खात्री करा: गोगलगायच आहे ना?

रोपं गायब झाली की आपण घाईनं एकच नाव घेतो. पण या अवस्थेत सोयाबीन खाणारे इतरही आहेत. कबुतरं दिवसा येतात आणि वर आलेल्या डाळिंब्या टोचून नेतात. हरणांनी खाल्लं असेल तर शेंडे वरून तोडलेले असतात आणि ओल्या मातीत खुरं उमटलेली असतात. आमच्या भागात वाणीचाही त्रास आहे. हात लावला की पैशासारखं वेटोळं करणारा, पुष्कळ पायांचा तो किडा उगवणारं बी आणि कोवळं खोड कुरतडतो. त्याला गोगलगायीच्या गोळ्या टाकून काही उपयोग नाही.

गोगलगायीची खूण म्हणजे चकाकणारा चिकट माग. सकाळी ऊन तिरपं असताना बांधावर, दगडांवर, वाळक्या काडीकचऱ्यावर तो चांदीच्या रेघेसारखा दिसतो. त्याच्या आसपास काळसर, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी विष्ठा पडलेली असते. तरीही शंका असेल तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बांधाला एक चक्कर मारा. दिवसा रिकामं दिसणारं रान रात्री भरलेलं दिसेल. ढगाळ, रिमझिम दिवस असेल तर त्या दिवसाढवळ्याही फिरतात.

आणि प्रत्येक गोगलगाय शत्रू नव्हे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या लहान गोगलगायी पुष्कळ आहेत आणि त्या पिकाला असा त्रास देत नाहीत. आपल्याला हवी आहे ती मोठी आफ्रिकी शंखी: लांबुळका, टोकदार, तपकिरी शंख, त्यावर गडद-फिकट उभे पट्टे. पूर्ण वाढलेली सहज तीन-चार इंचांची, कधी त्याहूनही मोठी.

ही आपल्याकडची नाहीच

हे समजून घेणं कामाचं आहे, कारण तिच्या वाढीचं गणित इथूनच सुरू होतं. मूळची ती पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीची. तिथून मॉरिशसला गेली आणि तिथून १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं ती कलकत्त्याला आणली. चौरंगी भागातल्या एका बागेत ती सोडली गेली. भारतातली तिची सुरुवात अशी एका बागेतून झाली. आज जगातल्या सगळ्यात घातक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. पाचशेच्या वर वनस्पती ती खाऊ शकते. त्यामुळे सोयाबीन नसेल तर मूग, उडीद, भाजीपाला, पपई, मोसंबीची कोवळी साल, जे मिळेल त्यावर ती जगते.

तिच्या मूळ प्रदेशात तिला आवरणारे शत्रू आणि तिथलं हवामान यांचा काही मेळ बसलेला असतो. आपल्याकडे भारद्वाज ती फोडून खातो, काजव्याच्या अळ्या गोगलगायींवरच जगतात, बदकं लहान पिल्लं टिपतात. पण एवढ्या पैदाशीला हे पुरे पडत नाहीत.

पैदास कशी, तेही बघा. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे दोन भेटल्या की दोन्हीही अंडी घालू शकतात. एका खेपेला शंभर ते चारशे अंडी, आणि वर्षात अशा अनेक खेपा. एकदा मिलन झालं की नराचं बीज ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते, म्हणजे पुढच्या खेपेला जोडीदाराची गरजही नाही. अंडी साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, भुसभुशीत ओल्या मातीत किंवा पाल्याखाली पुंजक्यानं घातलेली असतात. आठवड्या-दोन आठवड्यांत ती फुटतात, आणि साधारण सहा महिन्यांत पिल्लू अंडी घालण्याच्या वयाला येतं.

आता पावसाळा संपल्यावर काय होतं ते. जमीन कोरडी पडायला लागली की ती काळ्या रानाच्या भेगांत, बांधाच्या पोकळीत, दगडांखाली, झाडांच्या बुंध्याशी, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांखाली शिरते. शंखाचं तोंड पांढऱ्या कडक पापुद्र्यानं बंद करते आणि न खाता न पिता पडून राहते. महिनोन्‌महिने. पहिला दमदार पाऊस झाला, माती भिजली, की पापुद्रा विरघळून बाहेर.

२०२३ मध्ये आमची मोठी फसगत झाली ती इथेच. त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. शेतात गोगलगाय फारशी दिसली नाही. "गेली एकदाची," असं आम्ही सगळेच म्हणालो आणि बांधाकडे कुणी फिरकलं नाही. २०२४ ला पाऊस वेळेवर झाला आणि त्याच बांधातून त्याच गोगलगायी पुन्हा बाहेर आल्या. कोरडं वर्ष म्हणजे तिचा नायनाट नव्हे, फक्त तिची झोप लांबते. उलट असं वर्ष हीच वेचणीची सोन्यासारखी संधी असते, कारण सगळ्या एका जागी गोळा झालेल्या असतात.

"मीठ टाकलं, तरी आल्या"

मिठानं गोगलगाय मरते, हे खरं. अंगातलं पाणी निघून जातं. पण शेतात मीठ फेकणं बंद करा. पावसात ते वाहून जातं आणि उरलेलं आपल्याच जमिनीत मुरतं. मीठ बादलीत वापरायचं: घट्ट मिठाचं पाणी करायचं आणि वेचलेल्या गोगलगायी त्यात टाकायच्या. मीठ नसेल तर साबणाचं घट्ट पाणीही चालतं.

"चुन्याचा पट्टा ओढला, तरी आल्या"

चुना कोरडा असेपर्यंतच तिला अडवतो. एक सर आली की तो निव्वळ पांढरा चिखल, आणि ती आरामात त्यावरून जाते. चार एकरांभोवती रोज नवा पट्टा ओढणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून चुना किंवा चुना-तंबाखूच्या भुकटीचा चारेक बोटांचा पट्टा रोपवाटिकेपुरता, भाजीच्या वाफ्यापुरता ठेवा आणि पाऊस पडून गेला की पुन्हा ओढा. फळझाडांच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली तर त्यातलं तांबं तिला चढू देत नाही. आमच्या मोसंबीवर हा उपाय चांगला चालला.

पट्ट्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या आधीच शेताच्या आत आहेत त्यांना तो बाहेर काढत नाही. पहिल्या वर्षी मी पट्टा मारला तेव्हा निम्म्या आतच होत्या.

"गोळ्या टाकल्या, तरी आल्या"

या तक्रारीवर जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

गोगलगायीसाठीचं औषध म्हणजे मेटाल्डिहाइडच्या अडीच टक्के गोळ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस एकरी दोन किलोची आहे. ही गोळी खाल्ली की गोगलगाय भराभर चिकट स्राव टाकते आणि कोरडी पडून मरते. म्हणजे तिला कोरडं पाडणं हेच औषधाचं काम. गोळी खाल्ल्यावर लगेच झड लागली, हवा दमट राहिली, तर अर्धमेली गोगलगाय अंगात पाणी भरून घेते आणि पुन्हा चालायला लागते. वर पावसानं गोळ्या विरघळून जातात ते वेगळंच. २०२२ ला आम्ही भर पावसात गोळ्या फेकत होतो. दुसरं काही सुचतच नव्हतं.

म्हणून उघडीप बघा. संध्याकाळी, त्या बाहेर पडायच्या आधी टाका. सगळ्या रानात सारख्या विखुरण्यापेक्षा बांधाच्या कडेनं, ओढ्याच्या बाजूनं, दगडांच्या ढिगाभोवती जास्त लक्ष द्या. ढीग करून टाकू नका. ढिगातल्या गोळ्या कुत्रं खातं. हे औषध कुत्र्यांना, जनावरांना, कोंबड्यांना विषारी आहे आणि आमच्या शिवारात एक राखणीचं कुत्रं असंच गेलं. गोळ्या टाकलेल्या बांधावर चार-सहा दिवस गुरं सोडू नका, पाकिटावरच्या सूचना वाचा, हातमोजे घाला.

एका दुकानातून मला कोंडा आणि गुळात कालवायला भलतंच जहाल कीटकनाशक दिलं गेलं होतं. ते टाकल्यावर दोन दिवसांनी वाफ्यात चिमण्या मेलेल्या दिसल्या. गोगलगाय हा किडा नाही. किड्यांवरची बहुतेक औषधं तिच्यावर धड चालत नाहीत आणि भलतेच जीव जातात. गोगलगायीवर शिफारस नसलेलं काही कुणी हातात दिलं तर घेऊ नका.

मग नक्की काय चाललं

मे महिन्यात, पेरणीच्या तयारीत असतानाच, बांध तपासायचा. कुदळीनं बांधाची पोकळ माती उकरायची, दगड उलटे करायचे, उकिरड्याची कड, विहिरीचा काठ, गोठ्यामागची तुराट्यांची गंजी, जुनी पोती, सगळं हलवायचं. पांढरं तोंड लावलेले शंख पुंजक्यानं सापडतात. एका बाभळीच्या मुळाशी मला पहिल्या वर्षी पाटीभर मिळाले. त्या वेळी त्या पळत नाहीत, लपत नाहीत, चिकट होत नाहीत. एका माणसाचं दोन दिवसांचं काम जुलैतल्या दहा रात्री वाचवतं, असं मी स्वतः करून सांगतो. उन्हाळ्यात खोल नांगरट केली तर मातीतल्याही वर येऊन उन्हात तापतात.

दुसरी वेळ म्हणजे पहिला मोठा पाऊस झाल्यानंतरचे पंधरा दिवस. जागी झालेली गोगलगाय आधी खाते, जोडीदार शोधते आणि मग अंडी घालते. या पंधरवड्यात उचललेली एक म्हणजे पुढची काही शे वाचली. पण याच दिवसांत आपण बियाणं, खत आणि ट्रॅक्टरच्या मागे धावत असतो, म्हणून ही वेळ नेमकी हुकते. आमच्या घरी आता हे काम वाटून घेतलंय. पेरणीचं मी बघतो आणि बांधाचं धाकटा भाऊ आणि वहिनी.

पद्धत साधी आहे. गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधालगत सात-आठ मीटरांवर अंथरायची. गोणपाटं कमी पडली तर ओल्या गवताचे ढीग, कोबीची किंवा पपईची पानं. रात्रभर खाऊन-फिरून पहाटे त्या सावली शोधतात आणि गोणपाटाखाली शिरतात. उजाडायच्या सुमारास गोणपाट उलटायचं आणि चिमट्यानं किंवा हातमोजे घालून बादलीत. ऊन चढू दिलंत तर त्या आणखी खोल जातात, म्हणून सहा-साडेसहाच्या आत काम उरकायचं. गोणपाट वाळलं की तिथं कुणी येत नाही, रोज संध्याकाळी ते पुन्हा भिजवावं लागतं. बरेच जण दोन दिवस करतात आणि तिसऱ्या दिवशी कोरड्या गोणपाटाखाली काही नाही म्हणून सोडून देतात.

उघड्या हातानं मात्र उचलू नका आणि मुलांना या कामाला लावू नका. या गोगलगायीच्या अंगात आणि चिकट स्रावात उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. बांधावरची पालेभाजी चांगली धुऊन, शिजवून खा.

वेचलेल्यांचं काय करायचं हाही नेहमीचा घोळ. पहिल्या वर्षी मी पोतं भरून ओढ्यापलीकडे ओतून आलो होतो. माझं रान मोकळं झालं आणि पलीकडच्या काकांचं भरलं. दुसऱ्या वर्षी त्या तिथून इकडे आल्या. काकांना मी हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. जिवंत गोगलगाय ओढ्यात, रस्त्याकडेला, पडीक रानात टाकायची नाही. मिठाच्या पाण्यात पूर्ण मेल्यावर दोन-अडीच फूट खड्डा करून, वर चुना टाकून पुरायची. मिठाचं पाणी रानात ओतायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन कंबरेला लागलं की आपल्याला वाटतं धोका टळला. पिकाचा टळला, हे खरं. पण नव्यानं फुटलेली, नखाएवढी पिल्लं याच काळात पिकाच्या सावलीत वाढत असतात आणि पुढच्या वर्षी अंडी घालणाऱ्या याच असतात. सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एक सकाळ बांधाला द्या. अंड्यांचा पुंजका सापडला तर फोडून उन्हात पसरा, लगेच वाळतो.

एकट्यानं करून भागतं का?

नाही. हे मी कितीदा सांगितलं तरी कमीच. बांध दोघांचा असतो आणि गोगलगायीला सातबारा कळत नाही. आमच्या ओढ्याच्या दोन्ही काठांचे सात जण २०२४ पासून एकाच आठवड्यात बांध उकरतात आणि एकाच आठवड्यात गोणपाटं टाकतात. त्यातला एक शहरात राहतो, त्याचं रान बटईनं आहे. त्याच्या बांधाचं काम बाकीचे सहा मिळून करतात, कारण ते न करणं आम्हालाच महाग पडतं.

थोड्या गोगलगायी किती महागात पडतात याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६६ मध्ये एका मुलानं हवाईहून फ्लोरिडातल्या मायामीला तीन शंखी गोगलगायी आणल्या आणि त्याच्या आजीनं त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर सापडल्या. त्या संपवायला १९७५ उजाडलं आणि दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला. २०११ मध्ये तिथे त्या पुन्हा आढळल्या. तेव्हा घरोघरची अंगणं तपासत मोहीम चालली, शेवटची जिवंत गोगलगाय मिळाल्यावरही काही वर्षं तपासणी चालूच ठेवली आणि २०२१ मध्ये नायनाट जाहीर झाला. पुढच्याच वर्षी त्याच राज्यात दुसऱ्या ठिकाणी ती परत सापडली. एवढा पैसा आणि माणसं असलेल्यांना हे इतकं जड गेलं, म्हणून आपल्याकडे दोन दिवसांत संपत नाही याचं दुःख करू नका. पण "दिसत नाही, म्हणजे गेली" हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

कुणीतरी हमखास सुचवतं की हिला खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडावी. हवाईत १९५५ मध्ये तसं केलं होतं, पुढे ताहिती-मुरेआ बेटांवरही केलं. त्या गुलाबी शिकारी गोगलगायीनं शंखीला आवरलं नाहीच, उलट बेटांवरच्या स्थानिक गोगलगायींच्या कित्येक जाती संपवल्या. एक परका जीव सोडून झालेली चूक दुसरा सोडून निस्तरायला जाऊ नये.

नव्या रानात ती शिरते कशी

आपल्याच हातानं. रोपवाटिकेतल्या कलमांच्या पिशवीतल्या मातीतून अंडी येतात. शेणखताच्या, गाळाच्या ट्रॉलीतून येतात. लागण झालेल्या रानातून आणलेल्या चाऱ्यातून, उसाच्या बेण्यातून, रोटाव्हेटरला चिकटलेल्या चिखलातून येतात. कलमं आणली की पिशवी फाडून मुळाभोवतीची माती बोटांनी बघायची, पिवळसर दाणे दिसले तर ती माती बाजूला काढून उन्हात टाकायची. भाड्याचं अवजार रानात घ्यायच्या आधी धुऊन घ्यायचं. गाळ भरणार असाल तर तो उन्हाळ्यात पसरून तापू द्या.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही हीच गोगलगाय कुंड्यांमधून पसरते. तिथं काम सोपं आहे: रात्री बॅटरी घेऊन वेचा, कुंडीच्या तळाची भोकं बघा, कुंडीला तांब्याची पट्टी बांधा. गोळ्या टाकू नका, खाली मुलं आणि कुत्री खेळतात.

यंदाची माझी स्थिती सांगतो. मेमध्ये चार एकरांच्या बांधावर मिळून अर्धी बादली शंख मिळाले. पहिल्या वर्षी एका बाभळीखाली पाटीभर होते. पहिल्या पावसानंतर बारा सकाळी गोणपाटं उलटली, शेवटच्या तीन सकाळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. दुबार पेरणी करावी लागली नाही. ओढ्याच्या वळणावर दगडांचा एक जुना, खोल ढीग आहे, त्याखाली त्या अजून असणार, कारण त्या बाजूच्या गोणपाटाखालीच सगळ्यात जास्त मिळतात. तो ढीग हातानं हलत नाही. दिवाळीनंतर ओढा आटला की सातही जण वर्गणी काढून जेसीबी लावणार आहोत.